मीटिंगमधलं इंग्रजी आणि 'समजलं नाही' म्हणण्याची सवय



गणपतीच्या सुट्टीत माझा एक माजी विद्यार्थी घरी आला होता. जांभूळचाच मुलगा. केमिस्ट्री घेऊन बी. एस्सी. झाला आणि गेली काही वर्षं अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत एका कंपनीच्या क्वालिटी विभागात आहे. मोदक खाता खाता त्याने जे सांगितलं ते माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. हा लेख त्यामुळेच लिहितोय.

कंपनीची परदेशी खरेदीदारासोबत ऑनलाइन मीटिंग होती. खरेदीदाराने विचारलं, "माल शुक्रवारी निघेल का?" साहेब म्हणाले, "येस, फ्रायडे." त्या खोलीत एकट्या याला माहीत होतं की शुक्रवार शक्यच नाही. ड्रायर मेंटेनन्ससाठी शनिवारपर्यंत बंद होता. त्यानंतर माल सुकवायला दोन दिवस लागणार. म्हणजे मंगळवारच्या आधी गाडी भरणारच नाही. पण हा गप्प बसला. माल उशिरा गेला, खरेदीदाराचा रागावलेला मेल आला, आणि साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुला माहीत होतं तर तेव्हा बोलला का नाहीस?"

मीही त्याला तेच विचारलं. तो म्हणाला, "सर, मी मनात वाक्य जुळवत होतो. वाक्य तयार होईपर्यंत विषय पुढे गेला."

या मुलाला दहावीला इंग्रजीत चांगले गुण होते. 'चेंज द व्हॉइस' आणि 'रिमूव्ह टू' हे प्रश्न तो डोळे झाकून सोडवायचा. ते मीच शिकवले होते. पण चालू बोलणं नम्रपणे थांबवून 'एक मिनिट, यात अडचण आहे' हे इंग्रजीत कसं म्हणायचं, हे मी त्याला कधीच शिकवलं नाही. खरं सांगायचं तर ते मराठीतही शिकवलं नाही.

माझं मत आज इथे स्पष्ट मांडतो. मीटिंगसाठी लागणारं इंग्रजी फार थोडं असतं. वीस-पंचवीस साधी वाक्यं तोंडात बसली तरी पुष्कळ काम होतं. अवघड असतं ते दुसरंच : चारचौघांत थांबवायचं, विचारायचं आणि 'नाही' म्हणायचं धाडस. ते धाडस नोकरी लागल्यावर येत नाही. ते शाळेत आणि घरात, आपल्याच भाषेत तयार व्हावं लागतं.

आपल्या गावाचा आणि या विषयाचा संबंध

जांभूळ म्हटलं की बाहेरच्या माणसाला एमआयडीसीचं जलशुद्धीकरण केंद्र आठवतं. बारवीचं पाणी इथे शुद्ध होऊन पुढे कारखान्यांना आणि शहरांना जातं. आपल्या गावातली तरुण पोरंही त्याच दिशेने जातात. कुणी अंबरनाथला, कुणी बदलापूरच्या एमआयडीसीत, कुणी लोकल पकडून ठाण्याला किंवा मुंबईला. वीस वर्षांपूर्वी कारखान्यातल्या तरुणाला इंग्रजी लागायचं ते लेबल आणि लॉगबुक वाचण्यापुरतं. आता ऑडिट असतं, व्हिडिओ कॉल असतात, समोरचा माणूस जर्मनीत नाहीतर कोरियात बसलेला असतो. ज्याच्या हाताखाली प्रत्यक्ष काम होतं त्यालाच कॅमेऱ्यासमोर बसवलं जातं, कारण खरी माहिती त्याच्याकडे असते.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुलं आज तिशीच्या पुढे आहेत, म्हणजे ऐन नोकरीच्या वयात. या मुलांनी दहा वर्षं इंग्रजी हा विषय शिकलेला आहे. शब्द त्यांच्याकडे आहेत. वाचलेलं त्यांना बऱ्यापैकी कळतं. तरी मीटिंगमध्ये ती गप्प असतात. मग नुसतं 'इंग्रजी कच्चं आहे' म्हणून कसं चालेल?

समोरच्याचंही इंग्रजी शिकलेलंच असतं

मुलांच्या मनात एक मोठी भीती असते. समोरचा गोरा माणूस फाडफाड इंग्रजी बोलणार आणि आपण चुकलो की हसणार. प्रत्यक्षात जगातल्या असंख्य मीटिंगमध्ये कुणाचीच मातृभाषा इंग्रजी नसते. राकुतेन या जपानी कंपनीने २०१० मध्ये जाहीर केलं की कंपनीचं कामकाज इंग्रजीत होईल आणि २०१२ पासून ते अमलात आणलं. तिथल्या जपानी कर्मचाऱ्यांनी आपल्यासारखीच धडपड करत ते शिकून घेतलं. झाँ-पॉल नेरिएर नावाचे एक फ्रेंच गृहस्थ आयबीएममध्ये मोठ्या पदावर होते. त्यांनी पाहिलं की ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशी माणसं एकमेकांचं साधं इंग्रजी चटकन समजून घेतात. अडचण येते ती अस्सल इंग्रजी माणसाच्या म्हणी आणि वळणदार बोलण्याने. म्हणून त्यांनी सुमारे १५०० शब्दांच्या साध्या इंग्रजीची कल्पना मांडली आणि तिला 'ग्लोबिश' नाव दिलं.

म्हणजे साधं इंग्रजी हे कमी दर्जाचं इंग्रजी नव्हे. मीटिंगमध्ये तेच जास्त उपयोगाचं आहे. छोटं वाक्य, एका वाक्यात एकच गोष्ट, आकडा आणि तारीख स्वच्छ. आपल्या शेजारी उल्हासनगरच्या बाजारात बघा. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांनी ही पेठ उभी केली. तिथे देशभरचा व्यापारी येतो. भाषा जुळली नाही तर दुकानदार कॅल्क्युलेटरवर भाव टाइप करून समोर धरतो. व्यवहार कधी अडत नाही, कारण आकडा दोघांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो.

विमानवाल्यांकडून शिकण्यासारखं

शब्द वेळेवर आणि नेमका न बोलल्याची किंमत सर्वांत जास्त कुणी मोजली असेल तर विमान वाहतुकीने. २५ जानेवारी १९९० रोजी एव्हियान्का कंपनीचं एक विमान न्यूयॉर्कजवळ कोसळलं आणि ७३ माणसं गेली. कारण काय, तर इंधन संपलं. वैमानिकांनी इंधन कमी असल्याचं सांगितलं होतं, पण 'इमर्जन्सी' हा शब्द उच्चारला नाही. खाली बसलेल्या नियंत्रकाला परिस्थितीचं गांभीर्य कळलंच नाही.

आपल्या देशात १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी आणि कझाकस्तानच्या विमानांची आकाशात टक्कर झाली. ३४९ लोक मरण पावले. कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहायला सांगितलं होतं, ते त्याच्याही खाली उतरलं. चौकशीत त्या वैमानिकांचं इंग्रजी अपुरं असल्याची बाब पुढे आली.

अशा अपघातांनंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने वैमानिक आणि नियंत्रकांसाठी इंग्रजीच्या सहा पातळ्या ठरवल्या आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी किमान चौथी पातळी आवश्यक केली. त्यात उच्चार इंग्रजांसारखा असण्याची अट नाही, ऐकणाऱ्याला कळण्याशी मतलब आहे. दुसरी गोष्ट तर आपण जशीच्या तशी उचलावी अशी आहे. विमानाला सूचना मिळाली की वैमानिक ती परत म्हणून दाखवतो. याला ते 'रीडबॅक' म्हणतात. ऐकू नीट आलं नाही तर 'से अगेन' म्हणायचं, त्यात कसलीही लाज नाही. तिथे परत विचारणं हा कामाचाच भाग धरला जातो.

कारखान्यातल्या मीटिंगमध्ये कुणाचा जीव जात नसेल. पण कुणाची बढती जाते, कुणाची ऑर्डर जाते, आणि चूक दुसऱ्याची असताना बोलणी गप्प बसणाऱ्याला खावी लागतात.

सहा कामं आणि त्यांची वाक्यं

मीटिंगमध्ये आपल्याला नेमकं काय काय करावं लागतं, याची मी त्या मुलाबरोबर बसून यादी केली. सहा कामं निघाली. प्रत्येक कामाला दोन-तीन वाक्यं पुरतात.

१. परत विचारणे. "सॉरी, आय डिडन्ट गेट द लास्ट पार्ट. कुड यू से इट अगेन?" किंवा "कुड यू स्पीक अ लिटल स्लोअर, प्लीज?" इथे एक युक्ती आहे. 'काहीच कळलं नाही' असं म्हणण्यापेक्षा जिथे अडलं तेवढंच विचारावं. "यू सेड आफ्टर द सेकंड टेस्ट. व्हॉट हॅपन्स आफ्टर दॅट?" यावरून समोरच्याला कळतं की हा माणूस लक्ष देऊन ऐकतोय.

२. पडताळून घेणे. हाच आपला रीडबॅक. "सो, फिफ्टीन ड्रम्स. वन फाइव्ह. इज दॅट राइट?" फिफ्टीन आणि फिफ्टी, थर्टीन आणि थर्टी फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून एकेक अंक सुटा सांगावा. लाख-कोटी परदेशी माणसाला कळत नाहीत. दहा लाख म्हणजे एक मिलियन आणि एक कोटी म्हणजे दहा मिलियन, हे पाठच असलं पाहिजे. तारखेचंही तसंच. ५/६ म्हणजे आपल्यासाठी ५ जून, पण अमेरिकन माणसासाठी ६ मे. तेव्हा महिन्याचं नाव घ्यावं.

३. वेळ मागणे. "आय नीड टू चेक. आय विल टेल यू बाय फोर ओ'क्लॉक टुडे." माहीत नसताना अंदाजाने उत्तर देण्यापेक्षा हे वाक्य शंभर पटीने बरं. मात्र 'कधी सांगतो' हे जोडल्याशिवाय ते अर्धवट आहे, आणि चार वाजता खरोखर सांगितलंच पाहिजे.

४. मध्ये बोलणे. "सॉरी, मे आय ॲड वन पॉइंट हिअर?" किंवा "बिफोर वी मूव्ह ऑन, वन थिंग अबाउट द डेट." माझा विद्यार्थी अडला तो नेमका इथे. हे वाक्य आधीच तयार असतं तर त्याला दहा सेकंद मिळाले असते. सगळे त्याच्याकडे वळले असते आणि पुढचं वाक्य मोडकं-तोडकं असलं तरी ऐकून घेतलं असतं.

५. 'नाही' म्हणणे. याला तीन पायऱ्या आहेत : अडचण, कारण, पर्याय. "आय सी अ प्रॉब्लेम विथ फ्रायडे. द ड्रायर इज अंडर मेंटेनन्स टिल सॅटरडे. वी कॅन डिस्पॅच ऑन ट्यूजडे." तीनच वाक्यं, एकही अवघड शब्द नाही. आपण काय म्हणतो? "वी विल ट्राय." आपल्याकडे 'बघतो, प्रयत्न करतो' म्हटलं की समोरचा ओळखतो की काम होणार नाही. बाहेरचा माणूस मात्र ते अर्धं वचन समजतो आणि मग आपल्याला खोटारडं ठरवतो.

६. शेवट बांधणे. "सो, हू विल डू दिस, अँड बाय व्हेन?" आणि नंतर "लेट मी रिपीट द मेन पॉइंट्स." हे वाक्य बोलायला मोठं पद लागत नाही. सर्वांत ज्युनिअर माणसाने म्हटलं तरी सगळ्यांना बरंच वाटतं.

मराठीतून इंग्रजीत येताना कुठे घसरतो

या सहा कामांच्या जोडीला काही बारकावे मुलांना सांगायला हवेत. ते व्याकरणाच्या पुस्तकात सहसा सापडत नाहीत.

मराठीत आदर क्रियापदात आणि सर्वनामात असतो. सांग, सांगा, सांगाल का. त्यामुळे आपण 'मला तारीख सांगा' याचं सरळ "टेल मी द डेट" करतो. आपल्या मनात 'सांगा'मधला आदर असतो, पण इंग्रजीत तो पोचत नाही, नुसता हुकूम पोचतो. आपला 'सांगाल का' तिकडे "कुड यू टेल मी" असा होतो. म्हणून 'कुड यू' ही जोडी व्याकरणाच्या तासाची वाट न बघता लवकर शिकवावी. उलट दर वाक्याला 'सर, सर' लावण्याची तिकडे फारशी गरज नसते.

दुसरी गंमत नकारार्थी प्रश्नाची. "यू हॅवन्ट सेंट द रिपोर्ट?" असं विचारलं की आपण म्हणतो "येस". आपल्या मनात असतं, 'हो, नाही पाठवला.' इंग्रजीच्या रीतीने मात्र न पाठवल्याचं उत्तर 'नो'ने सुरू होतं. समोरच्याने 'येस' ऐकलं की त्याला वाटू शकतं, पाठवला. यावर उपाय सोपा आहे. नुसतं येस किंवा नो म्हणून थांबू नये, पूर्ण वाक्य बोलावं. "नो, आय हॅवन्ट सेंट इट येट."

तिसरं, आपले घरचे इंग्रजी शब्द. शंका विचारताना आपण "आय हॅव अ डाउट" म्हणतो. बाहेर डाउट म्हणजे बरेचदा अविश्वास. त्याऐवजी "आय हॅव अ क्वेश्चन" म्हणावं. 'प्रीपोन' हा आपला छान शब्द आहे, पण परदेशात सगळ्यांना कळेलच असं नाही. 'डू द नीडफुल'मध्ये नेमकं काय करायचं ते राहूनच जातं. हे शब्द वाईट आहेत असं मी म्हणत नाही. आपसात खुशाल वापरावेत. अहो, खुद्द इंग्रजी बोलणाऱ्या देशांतही घोटाळे होतात. एखादा विषय 'टेबल' करणं म्हणजे इंग्लंडमध्ये तो चर्चेला घेणं आणि अमेरिकेत तो बाजूला ठेवणं! मग आपणच का लाजायचं?

आणि मान हलवणं. आपली ती डावी-उजवीकडे डोलणारी मान आपल्यालाच कळते. कॅमेऱ्यासमोर तोंडाने बोलावं.

पालकांचा नेहमीचा प्रश्न

एवढं बोललो की पालक विचारतात, "सर, मग इंग्लिश मीडियमलाच घालायला हवं होतं ना?" मला तसं वाटत नाही. त्याच मीटिंगमध्ये इंग्रजी माध्यमातून शिकलेले दोघे होते. ड्रायर बंद असल्याचं त्यांतल्या एकाच्या कानावर आलेलं होतं. तोही बोलला नाही. साहेबांसमोर कशाला तोंड उघडायचं, ही भीती कुठल्याही माध्यमाची नसते. माध्यम बदलून ती जात नाही.

काही जण मोबाइल दाखवतात. आता भाषांतराचं ॲप आहे, स्क्रीनवर खाली शब्द उमटतात, मग कशाला शिकायचं? या साधनांची मदत जरूर घ्यावी. पण 'थांबा, हे चुकतंय' असं म्हणायचा निर्णय ॲप घेत नाही. तो माणसालाच घ्यावा लागतो, आणि वेळेत.

एक गोष्ट मात्र कंपनीतल्या वरच्या लोकांनाही सांगायला हवी. सगळा भार कमी इंग्रजी येणाऱ्यावर टाकणं बरोबर नाही. मीटिंगचे विषय आदल्या दिवशी लिहून दिले तर मुलं तयारी करून येतील. शेवटी 'कुणाला काही अडचण?' असं विचारून पाच सेकंद खरोखर थांबलं तर कुणीतरी बोलेल. आणि खोलीतल्या सगळ्यांना मराठी किंवा हिंदी येत असेल, तर ती मीटिंग इंग्रजीत घ्यायची कशाला? चर्चा आपल्या भाषेत करा, ठरलेलं इंग्रजीत लिहून ठेवा. इंग्रजी लागतं तिथे ते नीट वापरावं, मिरवण्यासाठी नको.

मीटिंग आपल्याला नवीन नाही

गावातल्या बचत गटाची बैठक तुम्ही पाहिली असेल. मी मुद्दाम एकदा जाऊन बसलो. हजेरी झाली. मागच्या बैठकीचं वाचून दाखवलं. कुणी किती भरले, कुणाचं कर्ज किती राहिलं, ते मोठ्याने म्हटलं गेलं, आणि त्या बाईने तोच आकडा परत म्हटला. एका ताईंनी हिशोबावर बोट ठेवलं : "थांबा, माझे दोनशे यात धरलेले नाहीत." वही उघडली, दुरुस्ती झाली, सह्या झाल्या, पुढची तारीख ठरली.

मी बघतच राहिलो. परत विचारणं, पडताळणं, मध्ये थांबवणं, शेवट बांधणं, सगळं तिथे होतं. वैमानिकांचा रीडबॅकही होता. फार शिक्षण नसलेल्या आपल्या आया-बहिणी हे दर महिन्याला करतात, कारण तिथे पैसा स्वतःचा असतो आणि थांबवलं म्हणून कुणी रागावत नाही. मग तेच कौशल्य त्यांच्या मुलांना आपण शाळेत का देऊ शकत नाही?

याचं उत्तर मला माझ्याच वर्गात सापडलं. मी वर्षानुवर्षं विचारत आलो, "समजलं ना?" आणि मुलं एका सुरात म्हणत आली, "हो सर." खरं तर 'समजलं ना?' हा प्रश्नच नाही, त्यात उत्तर आधीच भरलेलं आहे. 'नाही' म्हणणाऱ्याला सगळ्या वर्गासमोर उभं राहावं लागतं. म्हणजे पुढे मीटिंगमध्ये जे 'येस सर' निघतं, त्याची तालीम माझ्यासमोरच दहा वर्षं चालली होती.

शाळेत आणि घरात काय करता येईल

यंदा आठवीच्या वर्गात मी शनिवारी पंधरा मिनिटांची मीटिंग सुरू केली आहे. विषय खराखुरा असतो. पाण्याची टाकी कधी धुवायची, स्नेहसंमेलनात कुठली नाटिका घ्यायची, वाचनालयाच्या पुस्तकांची नोंद कुणी ठेवायची. एक मुलगा किंवा मुलगी अध्यक्ष, एक जण लिहून घेतो. पहिले दोन महिने सगळं मराठीत घेतलं. त्यानंतर तीच वाक्यं इंग्रजीत आणली, एका आठवड्याला दोनच.

नियम तीन आहेत. पहिला, प्रत्येकाने महिन्यातून एकदा तरी 'समजलं नाही, परत सांगा' म्हणायचंच, समजलं असलं तरी. दुसरा, आकडा किंवा तारीख आली की कुणीतरी ती परत म्हणून दाखवायची. तिसरा, 'नाही' म्हणायचं तर कारण आणि पर्याय द्यायचा.

सुरुवातीला मुलं हसली. 'समजलं नाही' म्हणताना काहींचे कान लाल व्हायचे. तिसऱ्या महिन्यात एक गोष्ट घडली. मी गणिताच्या सरांच्या रजेवर त्यांचा तास घेत होतो आणि फळ्यावर उदाहरण चुकवलं. मागच्या बाकावरची मुलगी उठली आणि म्हणाली, "सॉरी सर, वन पॉइंट. तिथे अधिक हवं." अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी, पण वेळेवर आणि बरोबर. मला याहून जास्त काही नको होतं.

पालकांनाही एवढंच सांगणं आहे. घरात मूल मध्येच बोललं की आपण 'मोठ्यांच्या मध्ये बोलू नये' म्हणून गप्प करतो. त्याऐवजी मध्ये कसं बोलायचं ते शिकवा. 'बाबा, एक मिनिट, मला यात सांगायचंय.' हे वाक्य उद्धट नाही. मूल चुकीचा हट्ट करत असेल तर 'कारण सांग आणि दुसरं काय चालेल ते सांग' म्हणा. ग्रामसभेला जाताना आठवी-नववीतल्या मुलाला कधीतरी बरोबर न्या. आपली आई किंवा वडील उठून प्रश्न विचारतात, हे एकदा पाहिलेलं मूल पुढे साहेबासमोर सहजासहजी गप्प बसत नाही.

त्या विद्यार्थ्याचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचाराल. त्याने लॉगबुकच्या मागच्या पानावर पाच वाक्यं लिहून ठेवली आहेत. दिवाळीच्या आधी त्याचा फोन आला. पुन्हा तसाच कॉल होता, पुन्हा तारखेचाच विषय. तो म्हणाला, "सर, आवाज कापत होता. 'मे आय ॲड वन पॉइंट' एवढं म्हणालो आणि पुढे व्याकरण चुकलंच. पण सगळे थांबले. तारीख दोन दिवसांनी पुढे गेली." खरेदीदाराने काय म्हटलं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "काही नाही सर. 'थँक यू फॉर टेलिंग अस' म्हणाला आणि पुढचा विषय घेतला."

व्याकरण चुकलं त्याचं काय करायचं ते आम्ही सुट्टीत बघू.